गाडी तापते, अडखळते? आधी ईसीयूला खरं कळू द्या

एप्रिल-मे आला की कोकणातल्या गॅरेजांमध्ये एकच तक्रार वारंवार ऐकू येते. घाटात किंवा गावातल्या गर्दीत मोटारसायकल तापते, पायाला झळ बसते आणि कमी वेगात एक्सलेटर जरासा उघडला की गाडी धक्के मारते. त्यावर उत्तरही ठरलेलं असतं: "बीएस-6 गाड्या लीन असतात, म्हणून तापतात. काहीतरी बसवून पेट्रोल वाढवून घ्या." हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळलं, तर निम्म्याहून जास्त गाड्यांना काहीच बसवावं लागत नाही, असं माझं मत आहे. ज्या गोष्टींमुळे या गाड्या बिघडतात, त्यांतल्या बऱ्याच आपल्या हवेतच आहेत.

जुन्या गाड्यांतल्या कार्ब्युरेटरमध्ये हवा जेवढ्या जोरात ओढली जाईल, तेवढं पेट्रोल जेटमधून वर यायचं. फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल किती द्यायचं, हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. टाकीतला पंप पेट्रोल दाबाने इंजेक्टरपर्यंत आणतो. बहुतेक गाड्यांत हा दाब 3 बारच्या आसपास असतो. दाब ठरलेला असल्यामुळे इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवला, यावर पेट्रोलचं प्रमाण ठरतं. पण ईसीयूला इंजिन दिसत नाही. एक्सलेटर किती उघडला हे त्याला एक सेन्सर सांगतो, इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब दुसरा, तिचं तापमान तिसरा आणि इंजिन किती गरम आहे हे चौथा. सायलेन्सरच्या बेंड पाइपात बसलेला ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते पाहतो. या सगळ्यांचं ऐकून ईसीयू निर्णय घेतो. कोणी चुकीचं सांगितलं, तर निर्णय चुकतो. ट्यूनिंगची सुरुवात म्हणूनच पेट्रोल वाढवण्यापासून करायची नसते. हे सेन्सर खरं सांगताहेत ना, ते आधी बघायचं असतं.

लीन म्हणजे नक्की काय

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा 1 म्हणतात. हवा त्याहून जास्त असेल तर मिश्रण लीन, पेट्रोल जास्त असेल तर रिच. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हे तिन्ही एकदम साफ करतो, पण फक्त लॅम्डा 1 च्या अगदी जवळ. बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले. या गाड्यांत आयडलिंगला (उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना) आणि हलक्या एक्सलेटरवर ईसीयू मिश्रण याच ठिकाणी धरून ठेवतो. ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज 0.45 च्या वर गेला की पेट्रोल थोडं कमी, खाली आला की थोडं जास्त, असं सतत चालतं. याला क्लोज्ड लूप म्हणतात. एक्सलेटर पूर्ण पिळला की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे दुर्लक्ष करतो आणि स्वतःच्या तक्त्यातून 12.5 ते 13 च्या आसपासचं रिच मिश्रण देतो. हा ओपन लूप.

म्हणजे चालू स्थितीतली बीएस-6 गाडी खऱ्या अर्थाने लीन नसते, ती बरोबर काट्यावर असते. पण सायलेन्सरात जाणाऱ्या वायूचं तापमान नेमकं याच काट्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं. पेट्रोल थोडं जास्त दिलं की ते कमी होतं. एक कारण म्हणजे सगळं पेट्रोल जळायला पुरेसा ऑक्सिजनच उरत नाही. दुसरं म्हणजे जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता ओढून घेतं, माठातलं पाणी जसं गार होतं तसंच. त्यात कन्व्हर्टर स्वतः काही शे अंश तापमानाला काम करतो आणि बऱ्याच गाड्यांत तो पायापासून फार लांब नसतो. म्हणून या गाड्या आधीच्या पिढीपेक्षा थोड्या जास्त गरम लागतात, हे मान्य करून पुढे जायला हवं.

कोकणात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दमट हवा. 30 अंशांना पूर्ण दमट हवेत सुमारे 4 टक्के जागा बाष्पाने व्यापलेली असते. इंजिनाला त्याने फार फरक पडत नाही. अशा हवेत मिश्रण किंचित सावकाश जळतं आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप, स्फोटासारखं पेटणं) उलट कमी होतं. त्रास आपल्याला होतो, कारण घाम सुकत नाही. मेमध्ये चिपळूणच्या बाजारात गाडी उभी असताना पायाला लागणारी झळ आणि इंजिनाचं खरं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत कूलंट 85 ते 105 अंशांत फिरत असेल, तर इंजिन ठीक आहे. पंखा सहसा 100 च्या आसपास सुरू होतो. काटा त्यावर चढतच राहिला, तर मात्र कारण शोधायचं.

खाऱ्या हवेची करामत

कुडाळकडच्या एका गॅरेजात ऐकलेला संवाद सांगतो. गाडीवाला म्हणत होता, "पंखो फिरना नाय, सेन्सर बदलूचो लागतलो?" मेकॅनिक म्हणाला, "थांब मरे, आधी कनेक्टर काढून बघूया." त्याने तापमानाच्या सेन्सरचा प्लग ओढून काढला. आतल्या दोन पिनांपैकी एकीवर हिरवी-पांढरी भुकटी बसली होती, तांब्या-पितळेच्या भांड्यावर चढते तशी. स्प्रे मारून, बारीक ब्रशने घासून त्याने प्लग परत बसवला. पुढच्या दहा मिनिटांत आयडलिंगवर पंखा सुरू झाला.

हे नेमकं कसं घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे एक रेझिस्टन्स असतो. गार असताना तो जास्त आणि गरम होत जाईल तसा कमी. नेहमी वापरात असलेल्या एका जातीत तो 20 अंशांना साधारण 2,500 ओहम, 80 अंशांना 320 आणि 100 अंशांना फक्त 187 ओहम असतो. ईसीयू या आकड्यावरूनच तापमान ओळखतो. आता पिनेवर गंज चढला आणि त्याचा स्वतःचा 135 ओहम रेझिस्टन्स वाढला असं धरू. इंजिन खरोखर 100 अंशांवर आहे, पण ईसीयूला 187 अधिक 135, म्हणजे 320 च्या आसपास दिसतात. तो समजतो, इंजिन 80 वर आहे. मग पंखा कशाला लावायचा? बऱ्याच गाड्यांत पंखा याच सेन्सरच्या सांगण्यावर चालतो. गाडी गरम होत राहते आणि काट्यावर सगळं आलबेल दिसतं.

हीच गोष्ट थंड इंजिनावर जवळजवळ दिसत नाही. सकाळी 25-30 अंशांना सेन्सर दोन हजार ओहमच्या आसपास असताना 135 ओहमने वाचनात दोन अंशांचाही फरक पडत नाही. म्हणून सकाळी स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावून "सेन्सर बरोबर आहे" म्हणणं पुरेसं नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर स्कॅनर चालू ठेवून तो कनेक्टर हाताने हलवून बघायचा, अर्थात पंखा आणि बेंड पाइप यांच्यापासून हात सांभाळून. स्क्रीनवरचा आकडा उडी मारतोय का? मारत असेल, तर चोर तिथेच आहे.

बाजारात "बूस्टर" म्हणून छोटे प्लग मिळतात. ते हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडतात आणि मुद्दाम हेच करतात. आत एक रेझिस्टन्स असतो, त्यामुळे ईसीयूला हवा आहे त्याहून गार वाटते. गार हवा दाट असते, म्हणून तो काही टक्के जास्त पेट्रोल देतो. क्लोज्ड लूपमध्ये मात्र ऑक्सिजन सेन्सर लगेच सांगतो की पेट्रोल जास्त झालं आणि ईसीयू ते परत काढून घेतो. म्हणजे ज्या गर्दीत आणि घाटात गाडी तापते, तिथेच या प्लगचा उपयोग जवळजवळ शून्य होतो. गाडी थोडी नरम वाटली तर ती एक्सलेटर झटकन उघडताना वाटते, कारण त्या क्षणी ऑक्सिजन सेन्सरची प्रतिक्रिया यायला वेळ लागतो. एका सेन्सरला खोटं बोलायला लावून दुसऱ्याकडून ते दुरुस्त करून घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

समुद्रालगतच्या गाड्यांना वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, टाकी वर करून सगळे कनेक्टर तपासून घ्यावेत. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी फेरीबोटीने नेहमी जाणाऱ्यांनी तर नक्कीच. किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, सुकू द्यायचं, रबर सीलवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं आणि खट् आवाज येईपर्यंत प्लग दाबायचा. चेसिसला जिथे अर्थिंगचा नट आहे, तो खोलून घासायचा. सगळ्या सेन्सरांचा व्होल्टेज अर्थिंगच्या तुलनेत मोजला जातो, त्यामुळे तिथला गंज एकाच वेळी सगळ्यांना चुकवू शकतो. धुताना प्रेशर वॉशरचा फवारा कनेक्टरांवर रोखायचा नाही.

दुसरा गंज बेंड पाइप इंजिनाच्या हेडला जोडतो तिथे धरतो. गॅस्केट गळायला लागली की प्रत्येक स्फोटानंतर वायू बाहेर जातो आणि मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला ही ताजी हवा दिसते. तो सांगतो, मिश्रण लीन आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो. प्रत्यक्षात इंजिन रिच चालतं, ऍव्हरेज पडतं आणि एक्सलेटर सोडला की सायलेन्सरमधून पटपट आवाज येतात. असे आवाज आले की लोक लीन म्हणतात, पण कारण बहुधा ही गळती असते. थंड इंजिनावर जोडाजवळ काळी काजळी दिसते का, ते बघा. गॅस्केट स्वस्त मिळते.

ईसीयूला जे कळतच नाही

काही गोष्टींचा सेन्सरच नसतो. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग. तिच्यातल्या पाकळीच्या कडेवर तेलाच्या वाफेचा काळा थर चढतो. आयडलिंगला तिथून येणारी हवा घटते, गाडी सिग्नलला बंद पडते, दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना धक्के देते. थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ कापडाने कडा साफ केली की फरक लगेच कळतो. पाकळी बोटाने जोर देऊन फिरवायची नाही. आणि पाकळी कुठे थांबावी हे ठरवणारा स्क्रू फिरवायचा नाही. कार्ब्युरेटरच्या सवयीने बरेच जण त्याला आयडलिंगचा स्क्रू समजतात. तो कारखान्यात बसवलेला असतो. तो हलला की एक्सलेटर बंद असतानाचा सेन्सरचा शून्य बदलतो आणि ईसीयूला गाडी आयडलिंगवर आहे की चालू आहे, हेच नीट कळत नाही.

धक्क्यांचं आणखी एक कारण समजावून सांगायला हवं. उतारावर एक्सलेटर पूर्ण सोडला की इंजेक्शन गाड्या पेट्रोल पूर्ण बंद करतात. पुन्हा किंचित पिळला की पेट्रोल सुरू होतं. या बंद-चालूच्या क्षणी चेन सैल असेल, तर ती आधी ताणली जाते आणि मग मागच्या चाकाला ओढते. तो झटका आपल्याला इंजिनातला वाटतो. आंबोली उतरताना प्रत्येक वळणावर गाडी झटके देत असेल, तर ईसीयूकडे जाण्याआधी चेनचा झोल मोजा. बऱ्याच गाड्यांना तो 25 ते 35 मिलिमीटर लागतो. एक्सलेटरच्या केबलची मोकळीक 2 ते 4 मिलिमीटरच्या वर गेली असेल तीही काढा. नेमके आकडे आपल्या गाडीच्या पुस्तकातले घ्यायचे. माझ्या अंदाजाने "फ्युएलिंग खराब आहे" अशा तक्रारींतला मोठा भाग इथेच संपतो.

टॅपेट, म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह उघडणारा भाग, हा विषय तापण्याशी थेट जोडलेला आहे आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद असतानाच आपली उष्णता हेडमधल्या सीटला देऊ शकतो. टॅपेटची फट कमी झाली, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गार व्हायला त्याला वेळ कमी मिळतो आणि कडा जळायला लागते. गंमत अशी की घट्ट टॅपेटचा आवाज येत नाही, उलट इंजिन शांत वाटतं. म्हणून "टकटक नाही, म्हणजे टॅपेट बरोबर" हा समज सोडून द्यावा. फट थंड इंजिनावरच मोजतात, शक्यतो रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर.

स्पार्क प्लग बदलताना नंबरात आर हे अक्षर आहे ना, ते बघा. ते आत रेझिस्टर असल्याची खूण असते. साधा प्लग बसवला, तर ठिणगीच्या वेळी उठणारा विद्युत गोंधळ ईसीयूच्या तारांत शिरू शकतो.

बाहेरून गार ठेवण्याचं काम सोपं आहे. जांभ्याची लाल धूळ आणि तेल मिळून इंजिनाच्या बाहेरच्या फिन्समध्ये (पातळ पट्ट्यांमध्ये) जो थर बसतो, तो उष्णता अडवतो. ऑइल कूलर आणि रेडिएटरच्या पत्र्यांतही हाच चिखल असतो. तो साध्या नळाच्या धारेने, मागून पुढे काढायचा. प्रेशरने पत्रे वाकतात. कूलंटमध्ये विहिरीचं पाणी घालू नका. किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरींच्या पाण्यात क्षार असतो आणि तो आतून गंज आणि थर दोन्ही वाढवतो. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाणी घातलेलं अर्धंअर्धं मिश्रणच घालायचं. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल, तर कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करायचा नाही, बदलायचा.

इथेनॉलने काय बदललं

आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला हवा कमी लागते. त्यामुळे अशा पेट्रोलचं बरोबर प्रमाण 14.7 नसून सुमारे 13.5 येतं. शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेल्या तक्त्यावर हे इंधन चालवलं, तर साधारण 8 ते 9 टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागेल. क्लोज्ड लूप असलेली गाडी हलक्या एक्सलेटरवर हे स्वतः भरून काढते. पूर्ण एक्सलेटरवर मात्र ऑक्सिजन सेन्सर बघितला जात नाही. तिथे जुन्या गाडीचं मिश्रण खरोखर लीन होऊ शकतं. म्हणून ज्या गाड्या या इंधनासाठी बनवलेल्या नाहीत, त्यांच्या मालकांनी कशेडी किंवा परशुराम घाटात चढाला सतत एक्सलेटर पूर्ण पिळून ठेवू नये. एक गिअर खाली घेऊन अर्ध्या एक्सलेटरवर चढणं इंजिनाला सोपं जातं.

इथेनॉल ओलावाही धरतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. आणि सतत रिझर्व्हवर फिरू नका. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो.

मॅप बदलायचा का

एवढं सगळं झाल्यावर ईसीयूतला मॅप, म्हणजे पेट्रोलचा आणि ठिणगीचा तक्ता, बदलायचा का हा प्रश्न येतो. सायलेन्सर, फिल्टर मूळचेच असतील, तर माझं उत्तर बहुधा नाही असं आहे. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर बसवला, तर इंजिनात जाणारी हवा बदलते आणि ओपन लूपचा तक्ता तिच्याशी जुळत नाही. तेव्हा पिगीबॅक (ईसीयूला जोडून त्याचा हिशोब बदलणारा डबा) बसवायचा किंवा ईसीयूचं री-मॅपिंग, म्हणजे त्याचा तक्ताच बदलून घ्यायचा. ते डायनोवर (उभ्या गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण सांगणारा ऑक्सिजन सेन्सर) लावूनच करायला हवं. हे काम इंटरनेटवरून उतरवलेल्या दुसऱ्याच्या फाइलने होत नाही.

री-मॅपिंगमध्ये पेट्रोलइतकीच महत्त्वाची असते ती ठिणगीची वेळ. ठिणगी उशिरा पडली, तर मिश्रण पिस्टन खाली जात असतानाही जळत राहतं आणि उष्णता सायलेन्सरकडे जाते. फार लवकर पडली, तर नॉकिंग होतं आणि पिस्टन जळू शकतो. बरोबर वेळ सापडली, तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये इंजिन गार चालतं आणि गुळगुळीतही. चांगला ट्यूनर आधी हे शोधतो, पेट्रोल नंतर वाढवतो. सतत रिच चाललेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो अति तापून निकामी होतो आणि पीयूसीला गाडी अडकते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याच्यातून येणारा वायू आपल्याच गावातली पोरं श्वासात घेतात.

कामं झाली की ती उपयोगी पडली का, हे आकड्यांत बघता येतं. बीएस-6 गाड्यांना सीटखाली बहुधा सहा पिनांचा कनेक्टर असतो. त्याला अडॅप्टर वायर आणि ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर फ्युएल ट्रिम वाचता येतो. ईसीयू मूळ तक्त्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय, ते त्यात दिसतं. लाँग टर्म ट्रिम उणे 5 ते अधिक 5 मध्ये असेल, तर सेन्सर आणि इंजिन यांचं जमलेलं आहे. बॅटरी काढल्यानंतर ईसीयू हे नव्याने शिकतो, म्हणून दोन-तीन दिवस रोजच्यासारखी चालवून मगच वाचा. आकडा अधिक 10 च्या वर अडकून राहिला, तर आधी इनटेकचं (हवा आत नेणाऱ्या पाइपाचं) रबर आणि बेंड पाइपची गॅस्केट पुन्हा बघा. तिथे काही नसेल, तर पंपाचा दाब गेजवर मोजून घ्या आणि पुस्तकात दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. तो कमी निघाला, तर टाकीतला फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय.